कुलूप लावलेलं हँडल

बाराव्या पायरीवर माझे पाय थांबले. मी थांबवले नव्हते. शिडीला सतरा पायऱ्या होत्या. ती वर खांबाला बांधलेली होती, खाली तिचे पाय दगडांनी पक्के केलेले होते, आणि माझ्या कमरेचा पट्टा खांबाभोवती अडकवलेला होता. पडायला जागा नव्हती. तरी उजवा पाय उचलायला गेले तर तो उचलला जाईना. गुडघ्याखाली थरथर सुरू झाली आणि ती शिडीत उतरली.

"शिडी काहून वाजते?" वाढई काकांनी खालून विचारलं.

"वारा आहे," मी म्हणाले.

फेब्रुवारीतली दुपार होती. समोरच्या बांधीत उन्हाळी धानासाठी पाणी धरलेलं होतं आणि त्या पाण्यावर एकही तरंग नव्हता.

या गोष्टीला आता अकरा वर्षं होतील. सावरटोल्याच्या शिवारातला तो खांब. तिथून तीन किलोमीटरवर आमचं गाव. याच खांबावर, त्याआधी तीन वर्षं, माझे बाबा शॉक लागून गेले होते. शालिक उके, वीज कंपनीत चोवीस वर्षं लाइनमन. गेले तेव्हा मी मराठीत एम.ए. करत होते. अनुकंपेवर जागा मिळेल असं कळल्यावर मी शिक्षण सोडून भंडाऱ्याला आयटीआयला गेले आणि वायरमनचं काम शिकले. आईने आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. नातेवाइकांनी माझी समजूत घातली की ऑफिसात बसायची जागा माग, पोरीच्या जातीला शोभेल. मी लाइनवरची मागितली. का मागितली, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं.

बाबा कसे गेले ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करून घ्यावी लागते. तिकडचा ऑपरेटर लाइन बंद करतो आणि एक नंबर देतो. त्याला परमिट म्हणतात. परमिट परत केल्याशिवाय तो लाइन सुरू करत नाही. त्या दिवशी बाबांनी परमिट घेतलंच नव्हतं. सोबत वाढई काका होते. चौकशीत त्यांनी सांगितलं, शालिक म्हणाला परमिट मीच घेतो, म्हणून मी दोर आणायला गेलो, परत येतो तर हा वर लटकलेला. अहवालात लिहिलं गेलं की मृताने परमिट न घेता काम सुरू केले. घरी आम्ही ते एका शब्दात म्हणायचो. बाबा विसरले.

मी नोकरीला लागून सहा महिने झाले होते आणि अजून एकदाही मोठ्या लाइनच्या खांबावर पूर्ण चढले नव्हते. दोनदा अर्ध्यावरून उतरले होते. आमचे बोरकुटे साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की या महिन्यात एक काम स्वतः वर जाऊन केलंस तर तुझं नाव लाइनवर कायम करतो, नाहीतर तक्रारीच्या टेबलावर बस, तेही कामच आहे. मग सावरटोल्याच्या खांबावरची चिनी मातीची एक बरणी तडकली. तार जिच्यावर टेकलेली असते ती. साहेब म्हणाले, हे राहू दे, दुसरं बघू. मी म्हणाले, हेच करते. सोबत द्यायला त्या दिवशी वाढई काका सोडून कुणी नव्हतं.

काका बाबांचे एकोणीस वर्षांचे जोडीदार. दोघं एका डब्यात जेवायचे. बाबा गेल्यावर ते महिन्यातून एकदा घरी येत, भिंतीला टेकून बसत, चहा घेत आणि निघून जात. आई म्हणायची, बिचाऱ्याच्या डोळ्यांसमोर झालं सगळं.

परमिट त्या दिवशी मी स्वतः घेतलं होतं. दुपारी एक ते तीन. नंबर वहीत लिहिला, फोनवर परत वाचून दाखवला. शिवाय शेजारच्या खांबावर लाइन तोडायचा स्विच होता. त्याचं लोखंडी हँडल खाली ओढलं की वरची पाती उघडतात आणि पुढची तार वेगळी होते. काकांनी ते माझ्यासमोर ओढलं, मी कुलूप घातलं, किल्ली माझ्या खिशात होती. आता आणखी काय हवं होतं? आणि मी बाराव्या पायरीवर होते.

"सुमे, उतर," काका म्हणाले. "मी चढतो. साहेबाले सांगू तूच केलं म्हणून."

उतरणं अगदी सोपं होतं. बारा पायऱ्या. नंतर टेबल, पंखा, फोन, संध्याकाळी साडेपाचला घर. आई त्या दिवशी गोड काहीतरी करेल. मी एक पाय खाली सोडलासुद्धा. तेवढ्यात मला बाबांचं एक बोलणं आठवलं. म्हणजे मी ते आठवलं नाही, पाय खाली जाताना ते आपोआप आलं.

बाबा रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्हा मुलांना गोष्टी सांगायचे. त्यांच्या सांगण्यात चमत्कार नसत. एकदा त्यांनी सांगितलं की बुद्ध व्हायच्या आधी सिद्धार्थाला भीती म्हणजे काय हे समजून घ्यायचं होतं. म्हणून तो मुद्दाम भीतीदायक रानात जाऊन राहिला. एखादं जनावर यायचं, मोराने फांदी पाडली तरी आवाज व्हायचा, पाचोळा सळसळायचा, आणि त्याला भीती वाटायची. तेव्हा त्याने एक ठरवलं. चालताना भीती आली तर थांबायचं नाही, बसायचं नाही, ती जाईपर्यंत चालतच राहायचं. उभं असताना आली तर उभंच राहायचं. बसलेलं असताना आली तर उठायचं नाही. भीती ज्या अवस्थेत गाठेल त्याच अवस्थेत तिला पुरतं बघून घ्यायचं.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मी विचारलं की खरंच वाघ आला तर?

बाबा हसले होते. "वाघ आला तं झाडावर चढायचं. मी भीतीचं सांगून राहिलो बाई, वाघाचं नाही."

मी खाली सोडलेला पाय परत बाराव्या पायरीवर ठेवला.

"सुमे?"

"थांबते जरा, काका. इथंच."

"असं लटकून काय होते? एक तं वर जाय, नाई तं खाली ये."

"दोन्ही नाही. थांबते."

ते पुटपुटले. बापासारखीच आहे, असं काहीसं. मग शिडीपाशी थांबायचं सोडून ते शेजारच्या खांबाकडे, हँडलकडे चालत गेले. खरं तर जोडीदाराने शिडीच्या पायथ्याशी उभं राहायचं असतं. ते मला खटकलं, पण त्या वेळी त्याचा विचार करायला मनात जागा नव्हती.

मी आधी फक्त खांबाच्या सिमेंटकडे बघत राहिले. भीतीबद्दल मी तोवर पुष्कळ वाचलं होतं, तीन वर्षांत तर दुसरं फारसं वाचलंच नव्हतं. त्यातलं काही तिथे उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडलं ते एवढंच, की पळायचं नाही म्हटल्यावर बघण्याशिवाय काम उरलं नाही. गुडघे हलत होते. ते हलू दिले. तोंड कोरडं पडलं होतं. कानात सूं आवाज होता. मी तारेतून येतोय का म्हणून ऐकलं, तर तो माझ्याच कानात होता. श्वास वरच्या वर अडकत होता. हे सगळं वेगवेगळं मोजता येत होतं, आणि मोजायला लागल्यावर प्रत्येक गोष्ट तेवढ्यापुरतीच राहिली. पण त्यांच्या खाली आणखी एक होतं, आणि ते शरीरात नव्हतं. ते एक वाक्य होतं.

बाबा विसरले.

रात्री गॅसचं बटण दोनदा बघणारा, कोपऱ्यापर्यंत जाऊन कुलूप लागलंय का बघायला परत येणारा, ज्याला सगळे हसायचे असा माणूस जर परमिट घ्यायला विसरू शकतो, तर माझ्या वहीतल्या नंबराला, माझ्या खिशातल्या किल्लीला काय अर्थ? मी काहीही केलं तरी काहीतरी विसरलेलीच असेन. मी तारेला घाबरत नव्हते. मी उंचीलाही घाबरत नव्हते. मला माझ्या सावधपणाचाच भरवसा उरला नव्हता, आणि तो त्या एका वाक्याने नेला होता.

हे दिसल्यावर काही उजेड वगैरे पडला नाही. वाक्य तसंच राहिलं. पण मी त्याला उत्तर देणं थांबवलं. खरं असेल तर असो. नंबर घेतलाय हे मला आत्ता माहीत आहे, किल्ली मांडीला टोचते आहे हे मला आत्ता कळतं आहे. किती वेळ गेला माहीत नाही. थरथर आली होती तशीच पुढे निघून गेली. शिडी वाजायची थांबली ते मला जरा उशिरा लक्षात आलं.

तेरा. चौदा. सतराव्या पायरीवर मी घड्याळ पाहिलं. एक वाजून बावन्न मिनिटं.

बरणीची पिशवी मी चढण्याआधीच दोराला बांधून ठेवली होती, ती ओढून घेतली. पण बरणी बसवायच्या आधी काठीचं काम होतं; तीही त्याच दोराने वर आली. ती लांब काठी असते, तिने तारांवर अडकवायचे तीन आकडे, आकड्यांना जोडलेली तार थेट जमिनीत गेलेली. लाइनमध्ये चुकून वीज असलीच तर ती माणसाच्या आधी काठीतून जमिनीत जाते. बाबांच्या वेळी आमच्या सेक्शनला अशी एकच काठी होती आणि त्या दिवशी ती दुसऱ्या गावी गेलेली होती. त्यानंतर प्रत्येक जोडीला एकेक मिळाली. मी पहिला आकडा तारेकडे नेला. हातभर अंतर राहिलं तेव्हा गुडघे पुन्हा हलले. मी थांबले. ते हलायचे थांबले. मग आकडा तारेवर टेकवला. लोखंडावर लोखंड वाजतं तेवढा आवाज झाला. बाकी काही नाही. उरलेल्या दोन तारांवरही आकडे टेकवले.

काम तसं साधंच होतं. जुनी बांधणी सोडली, तडकलेली बरणी काढली, नवी बसवली, तार तिच्यावर घेऊन बांधून टाकली. हात काम शिकलेले होते, त्यांना माझी फारशी गरज पडली नाही. पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दोन शेतकरी पंप सुरू व्हायची वाट बघत बसले होते. त्यातला एक मोठ्याने म्हणाला की आज लाइनमन नाही, लाइनबाई आहे, म्हणजे काम टिकंल. दुसरा हसला. मलाही वर हसू आलं.

काठी काढून मी खाली वळून पाहिलं आणि तेव्हा काका दिसले.

ते हँडलपाशी उभे होते. दोन्ही हातांनी त्यांनी ते धरलेलं होतं आणि सगळा भार त्यावर टाकला होता, जणू सोडलं तर ते उसळून वर जाईल. मी थांबते म्हणाले तेव्हापासून ते तिथेच असणार. सदरा पाठीला चिकटला होता.

"काका, कुलूप आहे त्याला," मी वरून म्हणाले.

"हो."

"मग सोडा ना."

"तू तुझं कर."

मी उतरले. साहित्य मोजलं, शिडी सोडली, दोर गुंडाळला. दोन वाजून पन्नास. माणसं आणि साहित्य दूर झाल्याची खात्री करून परमिट परत करायचं आणि मग हँडल वर घ्यायचं. मी किल्ली काढून त्यांच्याजवळ गेले. काकांची बोटं पांढरी पडली होती.

"झालं काम. सोडा आता."

"सोडता येत नाई, सुमे."

मला आधी वाटलं पेटका आला. मी त्यांच्या मनगटाला हात लावला तर ते मघाच्या माझ्या गुडघ्यांसारखं हलत होतं. ओळखायला काही वेळ लागला नाही. आत्ताच तर मी ते जवळून पाहून आले होते. मी फोन काढला आणि सबस्टेशनला सांगितलं की परमिट साडेतीनपर्यंत वाढवून हवं. ऑपरेटर कुरकुरला, शेतकऱ्यांचे फोन येताहेत म्हणाला, मग वाढवलं. धुऱ्यावरच्या दोघांना मी हात करून अर्धा तास लागेल असं कळवलं. लाइनबाई आहे ना, असं त्यातला दुसरा म्हणाला.

"धरलंय तर धरून राहा," मी काकांना म्हटलं. "घाई नाही. मी आहे इथं."

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"सोमवार होता," ते म्हणाले. "आठवडा बदलला होता."

शेतीच्या लाइनला तेव्हा एक आठवडा दिवसा वीज असायची आणि एक आठवडा रात्री. सोमवारी पाळी बदलायची. ही गोष्ट आम्हा लोकांना श्वासासारखी माहीत असते. पण काकांच्या डोक्यात त्या दिवशी मागचाच आठवडा चालू होता. दिवसा वीज नाहीच, तर लाइन बंद काय करायची, असा त्यांचा हिशेब. सबस्टेशनचा फोन लागत नव्हता. दोनदा लावला आणि सोडून दिला.

"शालिक शिडीच्या पायथ्याशी होता. म्हणाला, परमिट? मी म्हटलं, घेतलं. म्हणाला, नंबर सांग. मी सांगतला. एकशे बारा. तोंडाले आला तो. त्यानं पेनानं तळहातावर लिहून घेतला. मंग म्हणाला, हँडल? हे तेव्हा गंजलेलं होतं. दोन झटके मारले, पडलं नाई. मी इथूनच ओरडलो, पाडलं म्हणून. त्यानं अजून एकदा विचारलं. मी अजून एकदा सांगतलं."

तो तळहात मी पाहिला होता. त्यावर वाचण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

बाबा विसरले नव्हते. तीन वर्षं आम्ही घरात, जेवताना, दिवे लावताना, पुण्यतिथीला, त्यांच्या फोटोसमोर जे मनात म्हणत होतो ते खोटं होतं. आणि ते खोटं दर महिन्याला आमच्या भिंतीला टेकून चहा पीत होतं. माझ्या हातात किल्ली होती. ती मुठीत इतकी आवळली गेली की तिचे दात टोचले. त्या क्षणी माझ्यात जे उठलं ते भीती नव्हतं, पण चढण्याची पद्धत अगदी तिच्यासारखीच होती. आधी कान, मग श्वास, मग हात. मला काहीतरी फेकायचं होतं, ओरडायचं होतं, निघून जायचं होतं. मी जिथे उभी होते तिथेच उभी राहिले. बराच वेळ.

"काहून सांगतलं नाई, असं विचार ना," काका म्हणाले.

"का नाही सांगितलं, ते माहीत आहे मला."

"आधी नोकरी जाईल म्हणून. मंग तुझ्या आईकडं पाहून. मंग रोजच." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आता रिटायर व्हायले अकरा महिने रायले. तू साहेबाले सांगशील?"

"नाही."

त्यांचे खांदे जरा खाली आले.

"तुम्ही सांगाल," मी म्हणाले. "आजच. मी बरोबर येईन."

"मले भेव वाटते, सुमे."

"मलाही वाटत होतं. वर."

"गेलं?"

"जातं. मध्येच उतरलं तर नाही जात."

थोड्या वेळाने त्यांनी एक हात सोडला, तो सदऱ्याला पुसला, मग दुसरा. मी परमिट परत केलं. माणसं दूर, साहित्य दूर, लाइन सुरू करायला हरकत नाही, असं म्हणायचं असतं ते म्हटलं. मग कुलूप काढलं आणि हँडल आम्ही दोघांनी मिळून वर घेतलं. पलीकडे पंप सुरू झाले.

ऑफिसला पोचलो तर साहेब तालुक्याला गेलेले. क्लार्क म्हणाला, उद्या या. काका लगेच उठले. किती हलके झाले होते ते त्या एका शब्दाने. मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली नाही, काही म्हटलंही नाही, फक्त बाकावर बसून राहिले. ते दारापर्यंत गेले, बाहेर गाड्यांकडे बघत उभे राहिले, आणि परत येऊन माझ्याशेजारी बसले. क्लार्ककडे त्यांनी एक कोरा कागद मागितला.

पेन त्यांनी माझ्यापुढे धरलं. तुझं अक्षर चांगलं आहे, मी सांगतो, तू लिही, असं म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहायला लागले. अर्जाचा मायना लिहिला, तारीख लिहिली, गावाचं नाव, खांबाचा नंबर. तो त्यांना पाठ होता. आणि थांबले.

"शालिकच्या बापाचं नाव काय व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

"दसरू."

एकोणीस वर्षं एका डब्यात जेवलेल्या माणसाचं पूर्ण नाव त्यांनी पहिल्यांदा लिहिलं. शालिक दसरू उके. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता, क्लार्क चहा पिऊन आला, त्याने आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या कागदात डोकं घातलं. काकांचं पेन कागदाजवळ जाऊन परत येत होतं, टेकत नव्हतं. मी बघत राहिले, मदत केली नाही. शेवटी पेन टेकलं. एकेक अक्षर काढत त्यांनी जे वाक्य लिहिलं ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं, आणि मग त्या तीन वर्षांत पहिल्यांदा मला चारचौघांत रडू आलं.

'चढण्यापूर्वी त्यांनी मला दोनदा विचारले होते.'